अनपेक्षित विजय आणि लोकस्मृती : अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेच्या इतिहासातील काही प्रश्न

१

क्रीडेच्या इतिहासात ‘अनपेक्षित विजय’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. परंतु त्याचा अर्थ क्वचितच तपासला जातो. विजय गुणफलकावर नोंदलेला असतो आणि त्याविषयी सहसा वाद संभवत नाही. अनपेक्षितता मात्र गुणफलकावर नसते. ती सामन्यापूर्वी लोकांच्या मनात असलेल्या अपेक्षेवर अवलंबून असते; आणि ही अपेक्षा कोणती होती हे पुष्कळदा सामना संपल्यावर, कधी कधी तर अनेक वर्षांनी, सांगितले जाते. एखादा निकाल अनपेक्षित होता असे म्हणताना त्या दिवशीची घटना आणि तिची पुढे घडत गेलेली स्मृती या दोन भिन्न गोष्टी एकत्र मिसळण्याचा संभव असतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा या भेदाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे, कारण तिच्या घटनांची नोंद निश्चित आहे आणि तिच्या आठवणीही विपुल आहेत.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे निर्माण केला. महाविद्यालयांच्या क्रीडा संघटनेची, म्हणजे ‘एन.सी.ए.ए.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची, पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी केवळ ८ संघ होते. इव्हन्स्टन येथील अंतिम सामन्यात ओरेगनने ओहायो स्टेटचा ४६-३३ असा पराभव केला. स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने एका पराभवाने संघाचा संपूर्ण हंगाम समाप्त होतो. बलवान संघास चूक सुधारण्याची दुसरी संधी मिळत नाही. अनपेक्षित निकालांचे मूळ कारण या रचनेतच आहे.

तथापि आरंभीची चार दशके अपेक्षेला लिखित आणि अधिकृत रूप नव्हते. वृत्तसंस्था संघांची क्रमवारी प्रसिद्ध करीत, परंतु स्पर्धेची मांडणी तीवर आधारलेली नसे. १९७९ मध्ये सर्व संघांना मानांकन देण्यात आले, आणि १९८५ मध्ये संघांची संख्या ६४ झाल्यावर चार विभागांत १ ते १६ असे क्रमांक देण्याची आजची पद्धत स्थिर झाली. प्रत्येक विभागात पहिल्या क्रमांकाचा संघ सोळाव्याशी, दुसऱ्या क्रमांकाचा पंधराव्याशी खेळू लागला. यामुळे निकाल किती अनपेक्षित आहे हे दोन आकड्यांच्या अंतरावरून कोणासही सांगता येऊ लागले. पूर्वी जी भावना होती तिला मोजमाप मिळाले. या मोजमापाचे लाभ आणि मर्यादा दोन्ही पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होतील.

२

१९ मार्च १९६६ रोजी मेरिलँडमधील कॉलेज पार्क येथे टेक्सास वेस्टर्न या महाविद्यालयाने केंटकी विद्यापीठाचा ७२-६५ असा पराभव करून अजिंक्यपद मिळविले. टेक्सास वेस्टर्नचे पाचही आरंभीचे खेळाडू कृष्णवर्णीय होते, केंटकीचे सर्व खेळाडू श्वेतवर्णीय. अंतिम सामन्यात असा प्रसंग पूर्वी आला नव्हता. आज हा सामना स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या अनपेक्षित विजयांपैकी एक म्हणून सांगितला जातो.

समकालीन नोंदींशी हे वर्णन ताडून पाहिले असता चित्र काहीसे निराळे दिसते. अंतिम सामन्यापूर्वी दोन्ही संघांच्या खाती प्रत्येकी २७ विजय आणि १ पराभव होता. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या हंगामातील शेवटच्या क्रमवारीत केंटकी पहिला आणि टेक्सास वेस्टर्न तिसरा होता. तिसऱ्याने पहिल्यास हरविणे हे केवळ क्रीडेच्या दृष्टीने आश्चर्य म्हणता येईल, परंतु अघटित म्हणता येणार नाही. मग अपेक्षेचा भंग कोणत्या अर्थाने झाला? केंटकीचे प्रशिक्षक ॲडॉल्फ रप यांनी तोपर्यंत चार वेळा ही स्पर्धा जिंकली होती. सीमेलगतच्या एल पासो शहरातील महाविद्यालयाचे नाव दूरच्या वाचकांस फारसे परिचित नव्हते. याहून महत्त्वाचे म्हणजे, कृष्णवर्णीय खेळाडू चपळ असले तरी संघाचे नेतृत्व आणि शिस्त यांसाठी श्वेतवर्णीय खेळाडू आवश्यक असतो, असा समज त्या काळी उघडपणे बोलून दाखविला जात असे. त्या रात्री खोटा ठरला तो हा समज. टेक्सास वेस्टर्न संयमाने, बचावावर भर देऊन खेळला. बॉबी जो हिल याने केंटकीच्या खेळाडूंच्या हातून लागोपाठ दोनदा चेंडू हिरावून घेऊन गुण केले, तो क्षण पुढे सामन्याचे प्रतीक झाला.

परंतु सामन्यानंतरच्या वृत्तांतांत वर्णाचा उल्लेख फारसा आला नाही. प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी आपण केवळ उत्तम खेळाडू मैदानात उतरविले, इतिहास घडविण्याचा हेतू नव्हता, असेच पुढे सांगितले. १९६७ मध्ये या महाविद्यालयाचे नाव बदलून एल पासो येथील टेक्सास विद्यापीठ असे झाले. आणि १९६८ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकाच्या एका लेखमालेत कृष्णवर्णीय खेळाडूंना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल याच विद्यापीठावर कठोर टीका झाली. म्हणजे विजयानंतर दोनच वर्षांनी त्याची सार्वजनिक आठवण गौरवाची नव्हती. ती आरोपाची होती. गौरवाची स्मृती नंतरच्या दशकांत बळावली. २००६ मध्ये ‘ग्लोरी रोड’ हा चित्रपट आला आणि २००७ मध्ये संपूर्ण संघाचा नेस्मिथ यांच्या नावाच्या कीर्तिमंदिरात समावेश झाला.

चित्रपटात हॅस्किन्स येताच पहिल्याच हंगामात विजय मिळवितात. वस्तुतः ते १९६१ मध्येच तेथे आले होते, आणि त्यांच्याही पूर्वी, १९५६ मध्ये, त्या महाविद्यालयाच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडूचा प्रवेश झाला होता. पाच-दहा वर्षांची संथ वाटचाल एका हंगामात आवळल्याने कथा सुटसुटीत झाली; परंतु बदल एका माणसाच्या निश्चयाने एका रात्रीत होतो असा चुकीचा बोधही तिच्यातून निघाला. केंटकी ज्या आग्नेय विभागीय संघात होते, तेथे पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू पेरी वॉलेस हा व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून १९६७ च्या अखेरीस प्रत्यक्ष खेळू लागला, आणि प्रतिस्पर्धी शहरांत त्याला उघड वैर सोसावे लागले. एका सामन्याने दारे सताड उघडली नाहीत.

३

याच प्रश्नाचे दुसरे अंग १९६३ च्या एका सामन्यातून दिसते. मिसिसिपी राज्यातील शासकीय विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळू नये, असा तेथे अलिखित निर्बंध होता. त्यामुळे मिसिसिपी स्टेट विद्यापीठाने विभागीय विजेतेपद मिळवूनही पूर्वी राष्ट्रीय स्पर्धेतील प्रवेश नाकारला होता. १९६३ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्व्हार्ड यांनी संघ पाठविण्याचे ठरविले. न्यायालयाचा मनाईहुकूम हाती पडण्यापूर्वीच प्रशिक्षक आणि खेळाडू राज्याबाहेर पडले, आणि १५ मार्च रोजी मिशिगनमधील ईस्ट लान्सिंग येथे शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाशी खेळले. लॉयोलाच्या पाच आरंभीच्या खेळाडूंपैकी चार कृष्णवर्णीय होते. लॉयोलाने सामना ६१-५१ असा जिंकला. पुढे अंतिम सामन्यात, मागील दोन वर्षांच्या विजेत्या सिनसिनाटी संघावर त्यांनी जादा वेळेत ६०-५८ असा विजय मिळविला.

क्रीडेच्या मापाने पाहता अनपेक्षित विजय तो दुसरा होय. परंतु स्मृतीत राहिला तो पहिला सामना, आणि त्यातही निकाल राहिला नाही, तर आरंभीचे हस्तांदोलन राहिले. दोन संघांचे कर्णधार, जेरी हार्कनेस आणि जो डॅन गोल्ड, हात मिळवीत असल्याचे छायाचित्र पुढे सर्वत्र परिचित झाले. गोल्ड यांचे २०११ मध्ये निधन झाले तेव्हा हार्कनेस अंत्यविधीस गेले; तेथे शवपेटीजवळ तेच छायाचित्र ठेवलेले त्यांना दिसले. जिंकलेल्या आणि हरलेल्या अशा दोन्ही पक्षांनी एकच क्षण आपला मानल्याचे असे उदाहरण क्रीडेच्या इतिहासात विरळाच.

४

दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर स्मृतीचे स्वरूप पालटले. ४ एप्रिल १९८३ रोजी आल्बुकर्क येथे नॉर्थ कॅरोलायना स्टेटने ह्यूस्टनचा ५४-५२ असा पराभव केला. विजेत्या संघाने त्या हंगामात १० सामने गमावले होते; ह्यूस्टनकडे हकीम ओलाजुवान आणि क्लाइड ड्रेक्सलर होते. अखेरच्या क्षणी दुरून फेकलेला चेंडू कड्यापर्यंत पोहोचला नाही. लोरेन्झो चार्ल्स याने तो हवेतच पकडून कड्यात घातला. त्यानंतर कोणाला मिठी मारावी हे न कळून मैदानभर धावणारे प्रशिक्षक जिम वाल्वानो यांचे दृश्य पुनःपुन्हा दाखविले गेले. ज्यांनी सामना पाहिला नाही, किंवा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, त्यांनाही ते ‘आठवते’. १९९३ मध्ये वाल्वानो कर्करोगाने वारले, आणि त्या दृश्याला करुणेची जोड मिळाली. या आठवणीत १९८९ ची गोष्ट सहसा येत नाही : त्या वर्षी क्रीडा संघटनेने नियमभंगाबद्दल या विद्यापीठाच्या संघावर कारवाई केली, आणि पुढील वर्षी वाल्वानो यांना ते पद सोडावे लागले. स्मृती येथे खोटे बोलत नाही. ती केवळ निवड करते.

दोनच वर्षांनी, १ एप्रिल १९८५ रोजी, आठव्या मानांकनाच्या व्हिलानोव्हाने आदल्या वर्षीच्या विजेत्या जॉर्जटाउनला ६६-६४ असे हरविले. व्हिलानोव्हाच्या २८ फेकींपैकी २२ यशस्वी झाल्या; या विलक्षण आकड्यामुळे तो सामना निर्दोष खेळाचा नमुना म्हणून सांगितला जातो. परंतु त्या स्पर्धेत चेंडू किती वेळ ताब्यात ठेवावा याला मर्यादा नव्हती, आणि ४५ सेकंदांची मर्यादा पुढील हंगामापासून लागू झाली, हे लक्षात घेतले पाहिजे. संघ घाई न करता योग्य संधीची वाट पाहू शकत असे. नियमाचा संदर्भ गळून पडला की तो पराक्रम केवळ चमत्कार वाटू लागतो.

५

मानांकनाच्या मोजमापाचा कळस १६ मार्च २०१८ रोजी झाला. शार्लट येथे मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेच्या, सोळाव्या मानांकनाच्या संघाने अग्रमानांकित व्हर्जिनियाचा ७४-५४ असा पराभव केला. मध्यंतरास दोन्ही संघ २१-२१ असे बरोबरीत होते. तत्पूर्वी अशा १३५ सामन्यांत पहिला मानांकित संघ एकदाही हरला नव्हता. सोळाव्याने पहिल्यास हरविण्याचा हा ‘पहिलाच’ प्रसंग, असे चहूकडे सांगण्यात आले.

हे विधान पुरुषांच्या स्पर्धेपुरतेच सत्य आहे. वीस वर्षांपूर्वी, १४ मार्च १९९८ रोजी, महिलांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाच्या हार्वर्डने पहिल्या मानांकनाच्या स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर ७१-६७ असे हरविले होते. हार्वर्डची ॲलिसन फीस्टर हिने ३५ गुण केले. त्या हंगामात सरासरी गुणांत ती देशात प्रथम होती. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू दुखापतीमुळे खेळू शकल्या नाहीत. साहजिकच एका पक्षाच्या आठवणीत फीस्टर आहे, तर दुसऱ्याच्या आठवणीत त्या दुखापती. दोन्ही आठवणी वस्तुस्थितीस धरून आहेत. परंतु सर्वसाधारण लोकस्मृतीत हा सामना दीर्घकाळ नव्हताच, आणि हे विस्मरण आकस्मिक नव्हे. या संघटनेची महिलांची स्पर्धा १९८२ मध्ये, म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेनंतर ४३ वर्षांनी सुरू झाली. पुरुषांच्या स्पर्धेसाठी रूढ असलेले ‘मार्च मॅडनेस’ हे नाव महिलांच्या स्पर्धेस २०२२ पर्यंत अधिकृतपणे लावले जात नव्हते. २०२१ मध्ये दोन्ही स्पर्धांना मिळणाऱ्या सोयींतील विषमता उघड झाल्यावर आणि तिची चौकशी झाल्यावर ते लावण्यात आले. ज्या स्पर्धेला नावच वेगळे, तिच्या विक्रमाची गणना मुख्य यादीत झाली नाही, हे त्या व्यवस्थेशी सुसंगतच होते. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ असे हरविले तेव्हाही अनेकांनी त्यास असा ‘दुसरा’ विजय म्हटले. दोन्ही स्पर्धा एकत्र मोजल्यास तो तिसरा ठरतो.

६

उपरोक्त उदाहरणांवरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अनपेक्षिततेचे माप काळानुसार बदलते. मानांकनाचा आकडा १९७९ पूर्वीच्या सामन्यांना लावता येत नाही, आणि १९६६ च्या विजयाचे महत्त्व तर कोणत्याच क्रमवारीत सामावत नाही. दुसरी, प्रेक्षकांची आठवण हा दुय्यम पुरावा नव्हे. मात्र ती घटनेपेक्षा घटनेच्या नंतरच्या काळाविषयी अधिक सांगते. १९६८ चा आरोप आणि २००६ चा चित्रपट हे दोन्ही १९६६ च्याच विजयाविषयी आहेत, पण त्यांतून दिसतात ती दोन भिन्न दशके. तिसरी, ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’ यांसारखी विशेषणे वापरण्यापूर्वी कोणाला मोजले आणि कोणाला वगळले हे विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य होय. २०१८ च्या विजयाचे मोल १९९८ च्या उल्लेखाने कमी होत नाही. व्हर्जिनियाचा संघ त्या पराभवानंतर पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, अजिंक्य ठरला. त्याच्या पाठीराख्यांनी दोन्ही हंगामांची आठवण एकत्रच जपली आहे. पराभवाला स्मृतीत जागा देता येते, तर विसरल्या गेलेल्या विजयालाही ती देता आली पाहिजे.