नरसिंग यादव प्रकरण: एक सॅम्पल, दोन निकाल

पारनेरकडच्या जत्रांमध्ये हगामा बघत वाढलेल्या कुणालाही 'महाराष्ट्र केसरी' म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं ही गदा नरसिंग यादवने जिंकली. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात ब्राँझ मिळवून त्याने रिओ ऑलिम्पिकचा कोटाही आणला.

२५ जून २०१६ ला घेतलेल्या त्याच्या लघवीच्या नमुन्यात मेथँडिएनोन सापडलं. हे स्नायू वाढवणारं स्टेरॉइड. सीबा कंपनीने १९५८ मध्ये ते 'डायनाबॉल' या नावाने अमेरिकेत विकायला आणलं. ऑलिम्पिकमध्ये स्टेरॉइडची तपासणी सुरू झाली ती थेट १९७६ ला, माँट्रियलमध्ये.

नरसिंगचं म्हणणं होतं की कुणीतरी मुद्दाम आपल्या खाण्यापिण्यात हे मिसळलं. १ ऑगस्टला 'नाडा'च्या समितीने ते मान्य करून त्याला निर्दोष ठरवलं. 'वाडा'ने मात्र क्रीडा लवादाकडे अपील केलं. तिथे तज्ज्ञांची साक्ष निर्णायक ठरली: पहिल्या नमुन्यातलं प्रमाण इतकं जास्त होतं की ते पाण्यात मिसळलेल्या पावडरीतून नव्हे, तर एक-दोन गोळ्या पोटात गेल्यामुळे आलं असावं. १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली.

आता आपल्या कामाचा मुद्दा. सॅम्पल तेच, मग निकाल उलटा कसा? डोपिंगच्या नियमात शरीरात जे सापडतं त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते; कट झाला असेल तर तो त्यानेच सिद्ध करायचा. पहिल्या समितीला कटाची गोष्ट पटली. लवादाने तीच गोष्ट आकड्याशी जुळवून पाहिली, आणि ती जुळली नाही.

पण आकड्यालाही मर्यादा आहेच. पदार्थ कोणत्या रूपात पोटात गेला असावा, एवढंच प्रमाणावरून कळतं. कुणाच्या हाताने गेला, हे कळत नाही. 'जाणूनबुजून घेतलं' हा निष्कर्ष लवादाने कोणती बाजू जास्त संभवनीय आहे, हे तोलून काढला.

म्हणून पीएचडीच्या तयारीत कुठलंही प्रकरण वाचताना वहीत तीन रकाने आखा: काय मोजलं, त्यावरून काय ठरवलं, आणि काय गृहीत धरलं. हे प्रकरण त्यात भरून बघा. वाद नेमका कुठल्या रकान्यात आहे, ते लगेच दिसेल.