फोर्डचं जंगल आणि ट्रकचा लाकडी हौदा

अमेरिकन पिकअप ट्रक म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? लोखंड, क्रोम, आणि आपल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मावणार नाही असलं धूड. पण गंमत अशी की कित्येक वर्षं या धुडांच्या हौद्याचा तळ चक्क लाकडाचा असायचा. बैलगाडीला असतात तशा फळ्या, एकीला एक लावून. गेल्या उन्हाळ्यात इथे ओहायोमध्ये शेजारच्या आजोबांच्या १९५१ सालच्या शेवरोलेचा तळ नव्याने बसवायला मी तीन-चार विकांत मदत केली. मदत म्हणजे मुख्यतः फळीचं दुसरं टोक धरणं. त्या निमित्ताने बरंच वाचलं, ऐकलं. ते आज लिहितोय.

सुरुवात हेन्री फोर्डपासून करावी लागते. १९१७ साली फोर्डने मॉडेल टीटी हा एक टनी ट्रक बाजारात आणला. किंमत ६०० डॉलर. पण त्या पैशात मिळायची ती फक्त चासी! केबिन आणि हौदा ज्याचा त्याने गावातल्या सुताराकडून किंवा बॉडी बांधणाऱ्याकडून करून घ्यायचा. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे १९५४ साली टेल्कोने डेम्लर-बेंझच्या साथीने ट्रक काढायला सुरुवात केली, त्यानंतर पिढ्यानपिढ्या हाच प्रकार चालला. चासी कंपनीची, बॉडी कारागिराची, आणि फाळक्यावरची चित्रं पेंटरच्या मर्जीची. फोर्डने कारखान्यातच हौदा बसवलेली गाडी आणली ती १९२५ च्या एप्रिलमध्ये, २८१ डॉलरला. पिकअपच्या जन्माची ही सर्वमान्य तारीख.

त्या काळच्या मोटारीत लाकूड किती असायचं हे आज खरं वाटत नाही. पत्र्याच्या आतला सांगाडा लाकडी, पायाखालच्या फळ्या लाकडी, चाकांचे आरेसुद्धा लाकडी. १९२७ पर्यंत फोर्डने दीड कोटी मॉडेल टी बनवल्या. आता एवढं लाकूड आणायचं कुठून? फोर्डचा उपाय त्याच्या स्वभावाला साजेसा होता: जंगलच विकत घ्या! चुलत बहिणीचा नवरा एडवर्ड किंग्सफर्ड मिशिगनच्या उत्तर भागात जमिनींचे व्यवहार करायचा. त्याच्यामार्फत १९२० च्या सुमारास तीन लाख एकरांहून जास्त जंगल घेतलं आणि आयर्न माउंटन गावाजवळ करवतीचा अवाढव्य कारखाना उभा केला.

फोर्डबद्दल एक गोष्ट तुम्ही कुठल्यातरी मॅनेजमेंट ट्रेनिंगमध्ये ऐकली असेल. तो म्हणे पुरवठादारांना खोकी कशी बनवायची, भोकं कुठे पाडायची हे काटेकोर सांगायचा. मग त्या खोक्यांच्याच फळ्या थेट गाडीत पायाखाली बसवायच्या. गोष्ट झकास आहे, पण प्रत्येक सांगणाऱ्याबरोबर खोक्यातला माल बदलतो. कधी बॅटरी, कधी इंजिनाचे भाग. तेव्हा तिला लोककथाच म्हणू. पण लाकूड वाया न घालवण्याचं फोर्डचं वेड मात्र शंभर टक्के खरं. करवतीखालचे तुकडे आणि भुसा यांच्यापासून त्याने कोळसा करवला, त्याच्या विटा पाडल्या, आणि त्या फोर्डच्याच डीलरांकडून विकल्या. (या विटांचं पेटंट १८९७ सालचं, म्हणजे शोध त्याचा नव्हे. धंदा त्याचा.) दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यात सैन्यासाठी चार हजारांहून जास्त ग्लायडर बनले, तेही मुख्यतः लाकडाचे. १९५१ मध्ये फोर्डने कारखाना विकला आणि त्या कोळशाला किंग्सफर्ड हे नाव मिळालं. इथे बार्बेक्यूसाठी जी निळी पिशवी घरोघरी दिसते, ती हीच. थोडक्यात काय, मक्याची कणसं भाजताना आपण मोटारींच्या इतिहासाचा धूर खात असतो :)

असो. तर हौदा. बाकी गाडीतून लाकूड गेलं तरी हौद्याच्या तळाला ते टिकून राहिलं. शेवरोलेच्या पिकअपना १९७२ पर्यंत लाकडी तळ सर्रास असायचा, आणि स्टेपसाइड प्रकारात तर त्यानंतरही. कारणं अगदी व्यवहारी. पत्र्यावर दगड पडला की पोचा येतो, रंग उडतो, गंज धरतो. लाकडावर ओरखडा उठतो, बस्स. ओल्या पत्र्यावर पाय सटकतो, लाकडावर तेवढा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एक फळी कुजली तर तेवढी एक बदलायची. त्यासाठी लागणारं हत्यार शेतकऱ्याच्या घरात असायचंच.

त्या तळाची रचना बघून माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. फळ्या गाडीच्या लांबीच्या दिशेने. दोन फळ्यांमध्ये थोडी फट. फळ्यांच्या कडांना खाच, त्या खाचेत वरून पोलादी पट्टी, आणि पट्टीतून खालच्या आडव्या बीमपर्यंत जाणारे बोल्ट. म्हणजे बोल्ट फळीतून जातच नाही, तो फटीतून जातो! असं का? तर लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, आणि ते लांबीत जवळपास नाही, रुंदीत. सहा इंची ओकच्या फळीतला ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर ती साधारण दोन मिलिमीटर हलते. अशा आठ फळ्या म्हणजे सोळा मिलिमीटर. घट्ट ठोकून बसवल्या तर पहिल्याच पावसाळी आठवड्यात तळ मधूनच उचलला जाईल. पट्टी फळीला दाबून धरते, पण जखडत नाही. लूज कपलिंग म्हणतात ते हेच. कुठल्याही आर्किटेक्चर रिव्ह्यूत याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

आता खरा प्रश्न आला लाकडाचा. आजोबांच्या आजोबांचं शेतावरचं जुनं कोठार पडायला आलं होतं, आणि त्याच्याच फळ्या वापरायच्या हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. जुनं लाकूड म्हणजे फुकटचं लाकूड असा समज असेल तर तो सोडा. आधी मेटल डिटेक्टर फिरवून खिळे शोधायचे, नाहीतर रंध्याचं पातं पहिल्या दहा सेकंदांत शहीद. मग रंग तपासायचा, कारण अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर बंदी आली ती १९७८ मध्ये, आणि हे कोठार त्याच्या फार आधीचं. मग किडे. लाकडी पॅलेटवर 'एचटी' असा शिक्का असतो ना, त्याचा अर्थ लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे. आमच्या फळ्याही भट्टीवाल्याकडून तापवून आणल्या.

फळ्या रंधून साफ झाल्यावर दोन प्रकार निघाले. बहुतेक पांढरा ओक. त्याच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून पाणी झिरपत नाही, आणि म्हणूनच व्हिस्कीची पिंपं त्याची. पण पाच फळ्या वेगळ्या होत्या. हलक्या, तपकिरी, आणि ओकमध्ये दिसतात तसे चकाकणारे पट्टे नसलेल्या. अमेरिकन चेस्टनट.

याचं महत्त्व मला आधी कळलंच नाही. पूर्व अमेरिकेच्या जंगलांमधलं हे एकेकाळचं मुख्य झाड. सरळ वाढणारं, न कुजणारं, म्हणून कुंपणं, कोठारं, रेल्वेचे स्लीपर सगळं त्याचं. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये आशियातून आलेली एक बुरशी या झाडांवर सापडली. पुढच्या पन्नासेक वर्षांत अंदाजे तीन ते चार अब्ज झाडं मेली. आजही जुन्या मुळांतून धुमारे फुटतात, थोडे वाढतात, आणि बुरशी त्यांना पुन्हा गाठते. म्हणजे मोठ्या चेस्टनटच्या फळ्या आता मिळतात त्या मुख्यतः पाडलेल्या इमारतींमधूनच. आहे तेवढा साठा, नवीन येणं जवळजवळ बंद.

मी म्हटलं, "हे ट्रकच्या तळाला लावायचं? याचं टेबल करा, निदान विका तरी."

आजोबा म्हणाले, "माझ्या आजोबांनी लावलं तेव्हा हे जवळपास उगवणारं स्वस्त लाकूड होतं. ते जपून ठेवायला नव्हतं आणलं त्यांनी."

यावर आमचा एक अख्खा विकांत वाद चालला. दोघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत. शेवटी निकाल आकड्यांनी दिला. जांका चाचणीत, म्हणजे लाकडात पोलादी गोळी रुतवायला किती जोर लागतो त्यात, पांढरा ओक १३६० पाउंड आणि चेस्टनट ५४०. सरपण आणि दगड ओढले तर चेस्टनटचा वर्षभरात चुरा झाला असता. मग मधल्या सहा फळ्या ओकच्या, आणि अगदी कडेच्या दोन, जिथे माल घासत नाही, त्या चेस्टनटच्या. उरलेल्या तीन त्यांच्या नातीच्या नावाने गॅरेजच्या माळ्यावर गेल्या.

आपलं सगळं शिक्षण आणि नोकरी 'नवीन घ्या' या सल्ल्यावर चालते. फोन, लॅपटॉप, फर्निचर, सगळंच. त्या शेवरोलेच्या डिझायनरने मात्र फळी एक दिवस कुजणार हे गृहीत धरलं, आणि ती बदलणाऱ्यासाठी बोल्ट हाताला लागेल असा ठेवला. पंचाहत्तर वर्षांनी तो बोल्ट (गंजलेला का होईना, तेल आणि शिव्या दोन्ही घालून) आमच्या हाताला लागला. आता ट्रक रोज सरपण वाहतोय. ओकवर पहिले ओरखडे उठलेत. आजोबांना त्याचं काही वाटत नाही, मलाच थोडं वाटतं.