शिळाछाप : व्यंग आणि समाजभाष्य (बडोद्याच्या संदर्भात)

गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, रेघेवर मात्र बसते. झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये शोधलेल्या या शिळाछाप तंत्रात चित्र कोरून देणाऱ्या कारागिराची गरज उरली नाही. चित्रकाराची रेघ जशीच्या तशी, झटपट आणि पुष्कळ प्रतींत निघू लागली. व्यंगाला नेमके हेच हवे होते. फ्रेंच व्यंगचित्रकार ऑनोरे दोमिए याने १८३१ साली ‘गार्गांतुआ’ या छापात फ्रान्सचा राजा अवाढव्य दाखवला. त्याच्या तोंडाला लावलेल्या फळीवरून माणसे रयतेच्या पैशांच्या टोपल्या वर वाहून नेत आहेत. त्यापायी दोमिएला सहा महिन्यांची शिक्षा झाली. १८३५च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांची वाट अडवल्यावर तो समाजातल्या ठकांकडे वळला.

मराठी मुलखात शिळाछापाचे भाष्य मुख्यतः पुराण-इतिहासाच्या आडून झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर ज्यांच्या संस्थापकांत होते त्या पुण्याच्या चित्रशाळेने १८७८पासून देवादिकांबरोबर शिवाजी महाराज आणि पेशवाईतले पुरुष घरोघर पोचवले. राजा रविवर्म्याने आपल्या चित्रांचे छाप काढावेत, ही सूचना बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांची. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी रविवर्म्याने १८९०पर्यंत चौदा पुराणचित्रे पुरी केली, १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. बडोद्याच्या त्या चित्रांत महाभारतातले कीचक आणि सैरंध्री आहेत. याच कथेवरच्या खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकातील कीचकात लोकांनी लॉर्ड कर्झन ओळखला. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली.

कीचकाचे चित्र काढले तेव्हा कर्झन व्हाइसरॉय नव्हता, मग त्यात भाष्य कुठले, हा आक्षेप रास्त आहे. ते चित्र व्यंगात मोजू नये. परंतु पौराणिक पात्रांचे चेहरेमोहरे छापांनी लोकांच्या नजरेत आधीच बसवले होते. रंगभूमीवरचा इशारा उलगडून सांगावा लागला नाही, यात त्या ओळखीचा वाटा मानलाच पाहिजे. उघड व्यंग करणे शक्य होते, असे म्हणणारे बंगालच्या गगनेंद्रनाथ ठाकुरांच्या ‘विरूप वज्र’ (१९१७) या शिळाछाप संग्रहाकडे बोट दाखवतील. तो संग्रह धीट आहेच. तरी त्याचाही रोख बहुतांशी साहेबी थाटाचे बाबू आणि दांभिक भटभिक्षुक यांच्यावर, म्हणजे स्वकीयांवरच आहे. पुढे बडोद्यात १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि छापचित्रणाला तिथे मानाचे स्थान मिळाले. मात्र मोजक्या, सही केलेल्या प्रतींचे हे छापचित्र दालनात आणि संग्रहात राहते, बाजारात फिरत नाही.