परदेशी इंग्रजी शिक्षक बंगळुरूत. जोडीदाराच्या नोकरीचे काय?

बंगळुरूतील आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये इंग्रजी शिकविण्यासाठी ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आदी देशांतून शिक्षक येतात. अनेकदा पती किंवा पत्नीही सोबत असते. शिक्षकाची नोकरी येण्यापूर्वीच निश्चित झालेली असते. जोडीदार मात्र ‘तेथे गेल्यावर काहीतरी मिळेल’ या भरवशावर निघतो. भारताच्या व्हिसा नियमांत या भरवशाला फारसा आधार नाही.

शिक्षकाला रोजगार व्हिसा घ्यावा लागतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नियमावलीनुसार त्यासाठी वार्षिक वेतन १६.२५ लाख रुपयांहून अधिक असावे लागते. पूर्वी ही मर्यादा २५ हजार अमेरिकी डॉलर होती. केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांतील अध्यापकांसाठी ती ९.१० लाख रुपये ठेवण्यात आली आहे. आपापल्या देशाचे पदार्थ करणारे आचारी, दूतावासांचे कर्मचारी, भाषांतरकार आणि परकीय भाषांचे शिक्षक यांना वेतनाची अट नाही. मात्र या सवलतीतून इंग्रजीचे शिक्षक स्पष्टपणे वगळण्यात आले आहेत. म्हणजे फ्रेंच वा जर्मन शिकविणारा कमी वेतनावर बंगळुरूत येऊ शकतो, इंग्रजी शिकविणारा नाही. हे विचित्र वाटले तरी अनाकलनीय नाही. ज्या कामासाठी पात्र भारतीय मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, त्यासाठी रोजगार व्हिसा देऊ नये, असे धोरण आहे आणि इंग्रजीचे शिक्षक देशात विपुल आहेत. दक्षिणेकडील राज्यांतील शिक्षकांना इंग्रजी अध्यापनाचे प्रशिक्षण देणारी प्रादेशिक संस्था तर १९६३ पासून बंगळुरूतच आहे.

जोडीदाराला प्रवेश व्हिसा, म्हणजेच ‘एक्स’ व्हिसा मिळतो. त्याची मुदत शिक्षकाच्या व्हिसाशी बांधलेली असते आणि त्यावर नोकरी करता येत नाही. स्वयंसेवी संस्थेतील मानद कामासाठीही रोजगार व्हिसाच लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नोकरी मिळाल्यास जोडीदाराला स्वतंत्र रोजगार व्हिसा घ्यावा लागतो आणि वेतनाची अटही पाळावी लागते. भारतात राहूनच व्हिसाचा प्रकार बदलण्याची मुभा मोजक्याच प्रकरणांत मिळते. त्यामुळे दोघांनीही मायदेशातूनच नोकरी ठरवून येणे, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. दोघेही शिक्षक असतील, तर काही शाळा त्यांना एकत्र नेमतात.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी चित्र निराळे आहे. मूळ भारतीय वंशाच्या व्यक्तीकडे ‘ओसीआय’ कार्ड असल्यास रोजगार व्हिसाची गरज नसते. २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर ही योजना रुजली आणि २०१५ मध्ये ‘पीआयओ’ कार्ड तिच्यात विलीन झाले. धर्मप्रसार, पत्रकारिता, संशोधन अशा कामांना विशेष परवानगी लागते. शाळेत शिकविण्यास नाही. भारतीय नागरिकाच्या किंवा ‘ओसीआय’धारकाच्या परदेशी जोडीदारालाही हे कार्ड मिळू शकते, मात्र विवाहाची नोंदणी होऊन तो सलग किमान दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. नवविवाहित दांपत्याने परतीचा बेत आखताना ही मुदत आधी मोजावी.

१८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांनी १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंदणी करावयाची असते. २०१८ पासून ती ऑनलाइन करता येते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार व्हिसाच्या अटींचा भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.