पत्ता बदलला, नाव तेच

लोधिवलीत बसून मी लिनक्सवर ‘क्षेत्र’ टाइप करतो तेव्हा अक्षरं नीट जोडते ती हार्फबझ ही लायब्ररी. अनेक प्रोग्राम तिची एकच प्रत वाटून घेतात.

ही वाटणी पूर्वी किचकट होती. लिनक्सच्या जुन्या ‘ए.आउट’ पद्धतीत प्रत्येक सामायिक लायब्ररीला मेमरीत ठरलेली जागा लागे. दोघींची जागा एक होऊ नये म्हणून सातबाऱ्यासारखी नोंद ठेवावी लागे. १९९५च्या सुमारास ‘ईएलएफ’ आलं आणि जागा ऐनवेळी ठरू लागली. महत्त्व उरलं ते नावाला.

आज प्रोग्राम फक्त ‘लिबहार्फबझ.एसओ.०’ मागतो. ती नुसती लिंक. खरी फाइल वेगळीच. नवी आवृत्ती आली की ‘एलडीकॉन्फिग’ लिंक तिच्याकडे वळवतो आणि पत्ता कॅशमध्ये लिहितो, म्हणजे शोधाशोध वाचते. शेवटचं शून्य हा शब्द दिल्यासारखा असतो: जुने प्रोग्राम चालणार नसतील, तरच तो आकडा बदलायचा.

एकेकाळी मराठीच्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा फाँट निराळा, कोडिंग निराळं. एकातला मजकूर दुसऱ्यात उघडला की कचरा दिसे. युनिकोडने अक्षरांचे क्रमांक एक केले, सामायिक लायब्ररीने जोडणी. आता जोडाक्षरातली चूक एकदा सुधारली, की ती लायब्ररी वापरणारे सगळे प्रोग्राम पुढच्या वेळी उघडताच शुद्ध मराठी दाखवतात.