न जळलेल्या कोळशाची बटई

गोंदियाच्या शेतकऱ्याला बटईचा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. जमीन एकाची, मेहनत दुसऱ्याची. पुंजणे चुरले, धानाची रास पडली की दोघेही खळ्यावर हजर. माप दोघांच्या डोळ्यांदेखत होते. सरकारी इमारतींतली वीज वाचवण्यासाठी हल्ली जे ‘एस्को’ करार होतात, तीही एक बटईच. कंपनीने पदरचे पैसे घालून दिवे, पंखे, पंप बदलायचे आणि वीजबिलात जी बचत होईल तिच्यातून ठरलेला वाटा ठरलेली वर्षे घ्यायचा. फरक एकच, पण तो जबर आहे. इथे रास दिसत नाही. वाटणी करायची ती न झालेल्या खर्चाची. ही न दिसणारी रास मोजायची कशी, याच भांडणातून या कराराचे कूळ वाढत आले आहे.

कुळाचा मूळ पुरुष जेम्स वॅट. आपल्याकडे त्याच्या नावाला उकळत्या किटलीची गोष्ट चिकटली. धंद्यात तो काय करत होता, हे फारसे कुणी सांगत नाही. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा कथील-तांब्याच्या खाणींचा मुलूख. खाणीत पाणी भरायचे आणि ते उपसायला न्यूकमनची वाफेची इंजिने रात्रंदिवस चालायची. ती कोळसा अक्षरशः गिळत. कोळशाच्या खाणीवर असे इंजिन असले तर कुणाला फिकीर नव्हती, चुरा फुकटच पडलेला असे. कॉर्नवॉलात मात्र कोळसाच नाही. तो वेल्सहून गलबतांनी यायचा आणि खाणमालकाचा नफा धुरात जायचा. वॅटचे इंजिन तेच काम साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या कोळशात करत असे. 1769 चे त्याचे पेटंट पार्लमेंटने 1775 मध्ये 1800 पर्यंत वाढवून दिले आणि बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन त्याचा भागीदार झाला.

या दोघांनी इंजिन विकले नाही. इंजिन उभारण्याचा खर्च खाणमालकाने करायचा, आणि जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढ्या किमतीचा कोळसा वाचेल त्याचा तिसरा हिस्सा बोल्टन-वॅट यांना द्यायचा. आता जुने इंजिन तर निघून गेलेले. ते असते तर किती कोळसा जळला असता, हे कुणी सांगायचे? त्यासाठी त्या भागातल्या जुन्या इंजिनांची चाचणी घेऊन एक प्रमाण ठरवले गेले. नव्या इंजिनाने किती काम केले हे कळावे म्हणून त्याच्या तुळईला गणक बसवला. प्रत्येक उचलीला आकडा एकाने पुढे सरकायचा. गणक कुलूपबंद पेटीत, आणि किल्ली कंपनीच्या माणसाकडे. आजच्या करारांतली ‘आधाररेषा’ आणि ‘मापन व पडताळणी’ ही भारदस्त प्रकरणे त्या पेटीत तेव्हाच बंद झाली होती.

भांडणेही तेव्हाचीच. पहिली काही वर्षे खाणमालक खूश होते. मग जुने इंजिन विस्मरणात गेले आणि दर महिन्याची रक्कम तेवढी डोळ्यांत खुपू लागली. कित्येक ठिकाणी हिशेबाची कटकट नको म्हणून ठोक रक्कम ठरवली गेली. 1790 च्या दशकात पैसे अडवले गेले, प्रकरणे कोर्टात गेली. बचत जुनी झाली की ती बचत वाटत नाही, नुसता खर्च वाटतो. माझ्या मते या कराराचा हाच जन्मजात दोष आहे, आणि तो इंजिनाचा नसून माणसाचा आहे.

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. 1800 मध्ये पेटंट संपले, कंपनीची माणसे निघून गेली, गणकाकडे कुणी बघेना. इंजिने हळूहळू पुन्हा जास्त कोळसा खाऊ लागली. तेव्हा 1811 मध्ये खाणमालकांनीच जोएल लीन या जाणत्या माणसाला नेमले. प्रत्येक इंजिनाने ठराविक कोळशात किती पाणी किती उंच उचलले, याचा तक्ता तो दरमहा छापून काढू लागला. तो कुणाकडून वाटा घेत नव्हता. नुसते आकडे चारचौघांत आले आणि इंजिन सांभाळणाऱ्यांत चुरस लागली. पंचवीसेक वर्षांत कॉर्नवॉलच्या उत्तम इंजिनांनी त्याच कोळशात कित्येक पट काम करून दाखवले.

मधली दीडशे वर्षे भराभर ओलांडता येतील. फ्रान्समध्ये 1930 च्या दशकापासून इमारत उबदार ठेवण्याचे दीर्घ मुदतीचे ठेके निघाले. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत बचतीवर पैसे घेणाऱ्या कंपन्या उगवल्या. बर्लिन शहराने 1996 पासून आपल्या इमारती एकेकट्या न देता गठ्ठ्याने करारावर दिल्या, कारण सुट्या शाळेसाठी कोणतीही कंपनी येईना.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. मार्च 2002 मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सुरू झाला आणि पहिली तपासणी थेट राष्ट्रपती भवन, रेल भवन, एम्स अशा वास्तूंची झाली. वाया जाणारी वीज चौथ्या हिश्श्यापासून जवळजवळ निम्म्यापर्यंत निघाली. राज्यात हे काम पुण्याच्या ‘महाऊर्जा’ या सरकारी संस्थेकडे आले. 2009 मध्ये एनटीपीसीसह चार सरकारी कंपन्यांनी ईईएसएल स्थापन केली. स्वस्त एलईडी बल्ब घरोघरी पोचवणारी कंपनी ती हीच. 2017 मध्ये राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने तिच्याशी करार केला: सुमारे 1,500 सरकारी इमारती, गुंतवणूक कंपनीची, फेड सरकारची. बर्लिनचीच गठ्ठ्याची युक्ती.

गठ्ठा का लागतो, ते देवरी किंवा सालेकशासारख्या ठिकाणच्या तालुका कार्यालयात उभे राहिले की कळते. तिथे मुंबईसारखी मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणा नाही. आहेत ते पंखे, चोकवाल्या ट्यूबलाइट, साहेबांच्या खोलीतला एसी आणि एप्रिल उजाडला की खिडकीला लागणारे कूलर. जुना पंखा 75 वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. दिवसाला आठ तास आणि थंडीचे महिने वगळून वर्षाला 200 दिवस धरले, तर एका पंख्यामागे 72 युनिटे वाचतात. युनिट दहा रुपयांचे धरले तर 720 रुपये. पंख्याची किंमत चारेक वर्षांत वसूल. एका पंख्यासाठी कोण करार करणार? पण याच जिल्ह्यात तिरोड्याला 3,300 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. एका युनिटला साधारण 600-700 ग्रॅम कोळसा धरला, तर तो एक पंखा तिथला वर्षाला चाळीस किलोंहून जास्त कोळसा वाचवतो. वॅटने हिशेब कोळशातच केला असता.

आता आधाररेषेचे पाहा. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागला. शनिवार गेले, रोजची वेळ पाऊण तासाने वाढली. महिन्याच्या आत टाळेबंदी आली आणि बिले कोसळली. ही बचत कंपनीची का? उलट, दोन वर्षांनी अधिकाऱ्याने आणखी दोन एसी लावले आणि बिल चढले, तर कंपनीचा वाटा कापायचा का? हा गुंता टाळायला दिव्यांच्या बाबतीत अनेकदा ‘मानीव बचत’ धरतात: इतके दिवे, इतके वॉट कमी, इतके तास, म्हणजे इतकी बचत झालीच असे समजायचे. कॉर्नवॉलच्या ठोक रकमेचाच हा नातू. हिशेब सोपा होतो. दिवा खरोखर जळतो की नाही, हे मात्र कुणी बघत नाही.

आणि आपल्या कार्यालयांची एक खास अडचण वॅटला माहीत नव्हती. वीजबिलाचे लेखाशीर्ष वेगळे, यंत्रसामग्रीचे वेगळे. पंखे बदलून बिल कमी केले तर उरलेले अनुदान मार्चअखेर परत जाते, आणि पुढच्या वर्षी तरतूदच कमी मिळण्याची धास्ती. वाचवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कंपनीला दर महिन्याला वेगवेगळी रक्कम दिली की लेखापरीक्षकाचा आक्षेप ठरलेला. बटईदार तयार आहे, पण जमीनमालकाला रास घरी न्यायची परवानगी नाही, असा हा प्रकार.

म्हणून करार व्हावेत, पण त्याआधी लीनचा तक्ता यावा. त्याला ना कंपनी लागते ना निविदा. गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत. आठही तहसील कार्यालयांनी गेल्या तीन वर्षांत दरमहा किती युनिटे वापरली, चौरस मीटरमागे किती आणि कर्मचाऱ्यामागे किती, एवढे एका कागदावर मावते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर तो कागद दर महिन्याला लागावा. तोवर वाचकांपैकी कुणीही तो माहितीच्या अधिकारात मागू शकतो. अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे.