सराउंड हेडफोन व व्हिडिओ गेममधील दिशाबोध

सराउंड हेडफोन : चहूबाजूंना मांडलेल्या स्पीकरांतून आवाज येत असल्याचा भास निर्माण करणारे हेडफोन. नेमबाजीच्या गेममध्ये शत्रूची चाहूल नेमकी कुठून लागली हे त्यांमुळे चटकन कळते, असे जाहिरातींत सांगितले जाते. प्रत्यक्षात हा दिशाबोध हेडफोनपेक्षा गेममध्ये आवाजावर होणाऱ्या प्रक्रियेवर अवलंबून असतो. ती प्रक्रिया चांगली असेल, तर साधे स्टीरिओ हेडफोनही पुरतात.

दिशा कशी कळते : १९०७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी दोन खुणा सांगितल्या. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. शिवाय डोके आड आल्याने उच्च कंप्रतेचे आवाज पलीकडच्या कानाला क्षीण ऐकू येतात. या दोन खुणांनी डावे-उजवे कळते. पण थेट समोरचा, मागचा आणि डोक्यावरचा आवाज दोन्ही कानांना सारखाच पोचतो. तिथे बाह्यकर्णाच्या वळ्या कामी येतात. आवाज ज्या दिशेने येतो त्यानुसार त्या काही कंप्रता उठावदार करतात, काही दाबतात. डोके, खांदे व कान यांचा हा एकत्रित परिणाम मोजून गणिती रूपात मांडला जातो. त्याला एचआरटीएफ (हेड-रिलेटेड ट्रान्सफर फंक्शन) म्हणतात.

प्रकार : (१) बहुड्रायव्हर हेडफोन (ड्रायव्हर म्हणजे आवाज निर्माण करणारा छोटा स्पीकर). ‘रेझर टियामॅट ७.१’ मध्ये प्रत्येक कानासाठी पाच ड्रायव्हर होते. मात्र सगळे ड्रायव्हर कानालगतच असतात. खोलीतल्या स्पीकरचा आवाज जसा डोक्याला वळसा घालून दुसऱ्या कानापर्यंत जातो, तसे इथे घडत नाही. (२) आभासी ७.१ (सात दिशांच्या वाहिन्या व एक खर्जाची वाहिनी). यात ड्रायव्हर दोनच असतात. गेमने दिलेल्या वाहिन्या सॉफ्टवेअर एचआरटीएफच्या आधारे दोन कानांसाठी मिसळते. पण या वाहिन्यांच्या जागा ठरलेल्या आणि एकाच आडव्या पातळीवर असतात, त्यामुळे उंचीची माहिती आधीच गळून गेलेली असते. (३) गेममधील त्रिमितीय ध्वनी. प्रत्येक आवाजाचे स्थान गेमला ठाऊक असल्याने त्यावर एचआरटीएफ थेट लावता येतो.

तिसऱ्या प्रकाराचा फायदा ‘काउंटर-स्ट्राइक’मधील ‘न्यूक’ या नकाशात दिसतो. तिथे बॉम्ब पेरण्याच्या दोन जागा एकीखाली एक आहेत. आडव्या वाहिन्यांत वरच्या आणि खालच्या मजल्यावरील पावले एकाच दिशेची वाटू शकतात. एचआरटीएफमुळे त्यांतला फरक जाणवण्याची शक्यता वाढते.

वाटचाल : हे तंत्र नवे नाही. ऑरियल कंपनीच्या, साउंडकार्डावर चालणाऱ्या ए३डी तंत्राचा वापर ‘हाफ-लाइफ’ (१९९८) या गेममध्ये झाला होता. विंडोज व्हिस्टाने (२००७) डायरेक्टसाउंड या विंडोजच्या ध्वनिप्रणालीचा साउंडकार्डावर प्रक्रिया करण्याचा मार्ग बंद केल्यावर ही वाट खुंटली. पुढे ‘ओव्हरवॉच’मध्ये (२०१६) हेडफोनसाठी डॉल्बी ॲटमॉस आले. प्लेस्टेशन ५ मध्ये (२०२०) टेम्पेस्ट ही ध्वनियंत्रणा, तर ‘व्हॅलोरंट’मध्ये २०२१ साली एचआरटीएफचा पर्याय मिळाला.

मर्यादा : प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी असते. दुसऱ्याच्या कानावरून मोजलेला एचआरटीएफ वापरला की समोरचे आणि मागचे यांत अधिक गफलत होते, असे संशोधक एलिझाबेथ वेंझेल व सहकाऱ्यांच्या १९९३ मधील प्रयोगांत दिसले. म्हणूनच प्लेस्टेशन ५ मध्ये सुरुवातीला पाच पर्यायांतून स्वतःला जुळणारा निवडण्याची सोय होती. प्रत्यक्ष जगात अशी शंका आली, तर आपण मान वळवतो. साध्या हेडफोनमधील आवाज मात्र मानेबरोबरच फिरतो, म्हणून खेळाडू माऊसने पात्राला वळवतो. उजवीकडे वळल्यावर आवाज डावीकडे सरकला तर शत्रू समोर, उजवीकडे सरकला तर मागे. ही युक्ती स्टीरिओवरही चालते.

वापर : गेममध्ये एचआरटीएफ चालू असेल, तर हेडफोनचे ७.१ आणि विंडोजचा अवकाशीय ध्वनी बंद ठेवावा. एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया झाली, की खुणा पुसट होतात आणि पावलांचा आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो. गेममध्ये तशी सोय नसेल, पण ७.१ वाहिन्या मिळत असतील, तर आभासी सराउंडने पुढचे-मागचे ओळखायला थोडी मदत होऊ शकते. खरेदी करताना ड्रायव्हरांची संख्या मोजण्यापेक्षा दोन्ही बाजूंचा आवाज समतोल आहे का आणि हेडफोन कानावर नीट बसतो का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.